पुढच्या पाइपाला वेल, मला नुसतं कडं

मित्रांनो, या घरासमोरून तुम्ही जाता तेव्हा मी तुम्हाला दिसत नाही. त्यात तुमची चूक नाही. मी मागे असतो. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ, कपडे वाळत घालायच्या खिडकीखाली भिंतीला पाठ लावून उभा. छपरावरचं पाणी पन्हळीत गोळा होतं, पन्हळीतून माझ्या नरसाळ्यासारख्या रुंद तोंडात पडतं आणि माझ्या पोटातून खाली येतं. एवढंच माझं काम. जुना आहे, बिडाचा आहे. बीड म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड. वजनाला भारी, गंजायला आळशी, पण हातोडा सोसवत नाही. वाकायचं कसं ते बिडाला ठाऊकच नाही, तडकायचं तेवढं ठाऊक. माझा स्वभावही तसाच म्हणा.

घराला पाईप दोन. एक मी आणि एक तो. त्याचं कौतुक इतरांनी इतकं केलंय की मी त्याला नुसतं ‘पुढचा’ म्हणतो. पुढचा रस्त्याच्या बाजूला, मुख्य दाराशेजारी. त्याच्या अंगभर द्राक्षाचा वेल आहे. पानं, घोस, वळणदार तणावे, सगळं ओतीव. माझ्या अंगावर काय? मधोमध एक कडं. तेही नीट गोल नाही.

आणि गंमत अशी की आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच भट्टीतून जन्मलो. या घरातले आजोबा तेव्हा तरणेबांड होते आणि ओतशाळेत काम करायचे. नवं घर बांधत होते. मालकाला विचारून त्यांनी स्वतःच्या घरासाठी पाईप ओतले. आधी पुढच्याचे साचे भरले. वेलाच्या पानापानावरची वाळू त्यांनी फुंकर घालून साफ केली होती म्हणे. मग भट्टीत उरलं त्यात मी झालो. सोबतीच्या ओताऱ्यानं विचारलं, “याच्यावर नक्षी नको का?” आजोबा म्हणाले, “मागे लावायचाय. मागे कोण बघायला जातंय?”

मित्रांनो, जन्मल्या जन्मल्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. तुम्हीच सांगा, हेवा वाटणार नाही तर काय होईल?

पुढे वर्षं गेली. पाऊस दोघांवर सारखाच पडला, पण बाकी काहीच सारखं नव्हतं. रस्त्यानं जाणारी माणसं पुढच्याजवळ थांबायची, पानांवरून बोट फिरवायची. सायकल टेकवायची ती पुढच्याला. मांजर पाठ घासायचं ते पुढच्यालाच. पाहुणे निरोप घेताना एक हात त्याच्यावर ठेवून तासभर बोलत उभे राहायचे. रंगाचा डबा उघडला की ब्रश आधी तिकडे जायचा. माझ्या वाट्याला तळाशी उरलेलं. कधी दाराचा तपकिरी, कधी खिडकीचा हिरवा. त्यामुळे मी असा चट्टेरीपट्टेरी, बहुरूपी दिसतो. खरं तर पुढच्याचं पाणी सरळ गटारात जातं आणि माझं जमिनीत पुरलेल्या पिंपात. त्या पाण्यावर घरातली धुणी निघतात, कुंड्या जगतात. पण हे कोणी बोलून दाखवलंय का कधी? नाही.

पुढच्या बाजूची बातमी मला कशी कळते, असं तुम्ही विचाराल. पन्हळ आम्हा दोघांच्या डोक्यावरून घराभोवती फिरते ना! तिच्या पोटात काही राहत नाही.

आजोबांचा मुलगा मोठा झाला आणि नळवाला झाला. घरोघरी पाण्याचे नळ बसवायचे, गळणारे जोड बंद करायचे, हा त्याचा धंदा. हात असा की त्यानं आवळलेला जोड पुन्हा ठिबकत नाही. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिला सगळे ‘मुंगी’ म्हणतात, कारण ती सतत काहीतरी उचलून कुठून तरी कुठे तरी नेत असते. मग काही वर्षांनी बाळ आलं.

बाळ आलं आणि मुंगी माझ्याकडे आली.

पुढच्या खोलीत पाळणा होता, आई होती, बघायला येणारी माणसं होती. येणारा प्रत्येकजण मुंगीला एकच वाक्य ऐकवायचा, “आता तू मोठी झालीस हं!” मुंगी नुकती कुठे शाळेत जायला लागली होती. ती गुपचूप मागच्या दारानं बाहेर यायची, माझ्या बुडाशी उकिडवी बसायची आणि बोटानं माझा पोपडा झालेला रंग सोलायची. एरवी मला ते आवडलं नसतं. पण कुणीतरी पुढचं सोडून मागे आलं होतं. मी म्हटलं, सोल बाई. हवा तेवढा सोल.

एके दिवशी मुंगी माडीवरच्या मागच्या खिडकीशी गेली, हात लांब केला आणि बाळाचं टोपडं माझ्या तोंडात टाकलं. त्या दिवशी दुपारी पाऊस आला. टोपडं माझ्या पोटात खाली अडकलं आणि माझ्या मधल्या जोडातून पाण्याची चिळकांडी उडाली. तिथूनच का, ते सांगतो. आमचे जोड बंद केलेले नसतात. एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या रुंद गळ्यात नुसतं बसवलेलं असतं. त्यामुळे आत काही तुंबलं की पाणी त्याच्या वरच्या जोडातून बाहेर येतं आणि बघणाऱ्याला कळतं, अडकलंय ते याच्या खाली.

नळवाल्यानं चिळकांडी बघितली, माझा खालचा तुकडा उचलून बाजूला केला आणि टोपडं बाहेर काढलं. आजोबा हसले. “घ्या, पाइपाला बाळ झालं!” नळवाला मात्र हसला नाही. दिवसभर लोकांच्या मोऱ्या उपसून आला होता. “मुंगे, पुन्हा असलं काही माझ्या कानावर आलं तर याद राख.” आई दारातून म्हणाली, “काय गं हे? मला कामं कमी आहेत का?” कडेवरचं बाळ रडत होतं. तिनं माडीवर जाऊन मागच्या खिडकीला वरच्या बाजूला कडी लावली, मुंगीचा हात पोचणार नाही अशी.

मुंगी गालांत हवा भरून नुसती उभी राहिली.

घरासमोर चष्मेवाल्याचं दुकान आहे. दुसऱ्यांच्या डोळ्यांचं बघता बघता त्याचे स्वतःचे डोळे गल्लीभर फिरत असतात. पुढच्याचाही एक जोड मोठ्या पावसात थोडा पाझरायचा. ते त्यानं हेरलं. येता-जाता विचारायला लागला, “काय नळवाले, तुमच्याच घराला सर्दी झालीय की काय? नाक गळतंय सारखं.”

हे बोलणं नळवाल्याला फार लागलं. त्यानं शिडी लावली आणि पुढच्याच्या एकेका जोडात ताग ठोकून वरून सिमेंट भरलं. आजोबा खाली खुर्ची टाकून बसले होते.

“अरे, ठिबकू दे की थोडं. पावसाचा पाईप आहे तो, पिण्याच्या पाण्याचा नाही.”

“बाबा, नळवाल्याच्या घराचा जोड गळतो. लोकांनी काय म्हणावं?”

“लोक म्हणजे तो चष्मेवालाच ना?”

“तो एकटा पुरेसा आहे.”

आजोबा सुनेकडे वळून म्हणाले, “हा लहानपणी ताटातसुद्धा आमटीला भाताचा बांध घालायचा. कुठे काही वाहता कामा नये.”

मी सगळं ऐकत होतो आणि आतून जळत होतो. केवढी ती काळजी! प्रत्येक जोडावरून बोट फिरवून सिमेंट गुळगुळीत केलं, वरून रंगाचा हात मारला. मला वाटलं, आता मागे येईल. शिडी घेऊन आलाही. पण आभाळ भरून आलं तसं त्यानं वर बघितलं, घमेलं उचललं आणि म्हणाला, “मागचा राहू दे. त्याचं काय एवढं!”

मित्रांनो, त्या दिवशी मी इतका गरम झालो होतो की माझ्यावर बसलेली पाल उठून गेली.

पुढच्याचे जोड बंद झाले. मागची खिडकी बंद झाली. पण माडीवरची पुढची खिडकी उघडीच होती आणि पुढच्याचं तोंड तिच्याखालीच होतं. मुंगीनं एकेक करून बाळाचे मोजे त्यात टाकले. मग खुळखुळा टाकला. मग पिवळं दुपटं घडीसकट. पन्हळीनं मला सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. खा म्हटलं आता वेलासकट.

पाऊस सुरू झाला. पुढच्याचा एकही जोड ठिबकला नाही. चष्मेवाला दारात येऊन म्हणाला, “वा, बरी झाली म्हणायची सर्दी!” नळवाल्यानं मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. पण आत पुढचा बुडापासून भरत चालला होता. त्याला ओरडायला जागा नव्हती. पाणी गळ्यापर्यंत आलं आणि तोंडाच्या भिंतीकडच्या बसक्या कडेवरून मागच्या मागे उतरायला लागलं, पाईप आणि भिंत यांच्या फटीतून. रस्त्यावरून बघाल तर सगळं कोरडं ठणठणीत. भिंत मात्र रोज पाणी पीत होती. आणि त्या भिंतीच्या आतल्या बाजूला बाळाचा पाळणा होता.

आधी चुन्याला फुगवटे आले. मग काळपट डाग पडले. मग बाळाला खोकला लागला. मोठ्या माणसाचा खोकला वेगळा आणि बाळाचा वेगळा. बाळ खोकलं की सगळं घर थांबतं. आई भिंतीला तळहात लावून म्हणाली, “अहो, ही ओली आहे.” नळवाल्यानं काय करावं? त्याला पाणी म्हटलं की घरातला नळच आठवणार. त्यानं भिंतीतली नळाची लाइन शोधायला छिन्नी लावली. पुढची खोली उकरली, स्वयंपाकघर उकरलं, एकेक जोड तपासला. एकही गळत नव्हता. गळणार कसा? त्यानंच बसवलेले होते. घरभर विटांचा चुरा झाला आणि भिंत होती तशीच ओली राहिली.

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या पाठीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, “ही ओल बाधतेय. बाळाला कोरड्या घरात ठेवा. खोकला छातीत उतरला तर अवघड होईल.”

घरी आल्यावर आई म्हणाली, “मी बाळाला घेऊन माझ्या आईकडे जाते. भिंत वाळेपर्यंत.”

नळवाला चुऱ्यात बसून होता. “आणि मुंगी?”

“तिची शाळा आहे. ती राहील आजोबांजवळ. आता मोठी झालीय ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. मुंगी मागच्या दारानं बाहेर आली. आज तिनं रंग सोलला नाही. गुडघे टेकून वाकली आणि माझ्या खालच्या वळणाशी तोंड आणून म्हणाली, “ऐकतोयस ना?”

मला ऐकू येतं, पण बोलता येत नाही.

“बाळाचे मोजे मी टाकलेत. पुढच्यात. खुळखुळा पण. ते पिवळं दुपटं पण मीच. कुणाला सांगू नकोस हं.”

वरच्या खिडकीत आई उभी होती. न्यायचे कपडे काठीवरून उतरवत होती. आत काही तुंबलेलं नसलं की पाइपातून आवाज कसा सरळ वर जातो, ते तुम्हाला ठाऊक असेल. एकेक शब्द तिच्या हाताखाली जाऊन उगवला. झबल्याची घडी घालता घालता तिचे हात थांबले. ती माझ्या तोंडाशी वाकली.

“नाही सांगणार,” ती म्हणाली.

मुंगी दचकली. मान तिरकी करून तिनं माझ्या आत बघितलं. आत काळोख.

“तू बोलतोस?”

“कधी कधी.”

“तुझा आवाज आमच्या आईसारखा आहे.”

“असेल. मोजे का टाकलेस गं?”

“मोजे नसले की बाळाला बाहेर नेत नाहीत. मग आई घरी राहते.”

“आणि खुळखुळा?”

“तो माझा होता. आधी. मला कुणी विचारलंच नाही.”

मग मुंगीच पुन्हा म्हणाली, “ती आता जाणारे. बाळाला नेणारे, मला नाही. तू तिला सांग ना, नको जाऊ म्हणून.”

“तूच का नाही सांगत?”

“मी काही म्हटलं की म्हणतात, तू मोठी झालीस. तू खरंच मोठा आहेस, तुझं ऐकतील.”

जिन्यावर पावलं वाजली, मागचं दार उघडलं आणि आई हातात ते अर्धवट घडीचं झबलं तसंच धरून आली. ओल्या फरशीवर खाली बसली.

“मुंगे, ये. मांडीवर ये.”

“बाळ उठेल.”

“उठू दे. आजोबा आहेत.”

मुंगीला मांडीवर मावायला वेळ लागला. पाय कुठे ठेवायचे तेच तिला सुचेना. आई तिला थोपटत राहिली, बाळाला थोपटते तसं. बऱ्याच वेळानं मुंगीनं विचारलं, “पाइपानं तुला सांगितलं का?”

“नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण बाबांना तू सांगायला हवंस. मी बरोबर येते.”

मित्रांनो, तेव्हा मला आईचाही हेवा वाटला. मुंगी इतके दिवस माझ्याशी बोलत होती आणि मला एक शब्द परत देता आला नव्हता. आई एकदाच वाकली आणि सगळं घेऊन गेली.

बापाला मुंगीनं आईचा पदर मुठीत धरून सांगितलं, “बाबा, पुढच्या पाइपात मोजे आहेत.” नळवाला आधी तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, बाहेर गेला आणि पाइपावर पान्यानं वाजवलं. खालून वर वाजवत गेला. सगळीकडे आवाज बद्द. तो तिथेच पायरीवर बसला.

“बाबा,” त्यानं आजोबांना हाक मारली, “ठिबकू द्यायला पाहिजे होतं.”

आजोबा म्हणाले, “हातोडा बेतानं मार.”

बेतानंच मारला त्यानं. पण सिमेंट दगडासारखं बसलं होतं आणि मघाशी सांगितलंच, बिडाला वाकणं ठाऊक नाही. जोड सुटेपर्यंत पुढच्याचा मधला तुकडा वरपासून खालपर्यंत तडकला. पाणी भसकन रस्त्यावर आलं. त्यामागून दुपटं, मोजे आणि खुळखुळा. नळवाल्यानं खुळखुळा उचलून हलवला. त्यातून पाणी उडून त्याच्याच मिशीवर पडलं. मुंगी आईच्या मागे लपली.

“ये इकडे,” तो म्हणाला. आली. त्यानं खुळखुळा आपल्या सदऱ्याला पुसला आणि तिच्या हातात दिला. “तुझा आहे ना? तूच ठरव, बाळाला द्यायचा की नाही.”

चष्मेवाला दुकानाच्या दारात उभा होता. या वेळी तो आत जाऊन काचा पुसायला लागला.

आई माहेरी गेली नाही. मागची अडगळीची खोली कोरडी होती, माझ्या बाजूची. ती रिकामी केली. पाळणा तिकडे आला, आईचं अंथरूण आलं, मुंगीचंही आलं. पुढची भिंत वाळेपर्यंत सगळं घर माझ्या बाजूला नांदलं. बाळाचा खोकला आधी रात्रीपुरता उरला, मग गेला. भिंतीच्या अलीकडे ती तिघं आणि पलीकडे मी. असे दिवस मी आयुष्यात पाहिले नव्हते. पुढचा तिकडे एकटा, मधेच तुटलेला. मी त्याची विचारपूस केली नाही.

पण तुटलेला पाईप किती दिवस तसा ठेवणार? ओतशाळा कधीच बंद पडली आहे. तसा तुकडा आता कुठे मिळत नाही. आजोबा काठी टेकत मागे आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्या कड्यावर हात ठेवला. जन्मल्यापासून पहिल्यांदा. मी सुखावलो. मग ते मुलाला म्हणाले, “याचा मधला तुकडा काढ. एकाच मापाचे आहेत दोघे. पुढे बरोबर बसेल.”

तर मित्रांनो, माझी कंबर आता पुढे असते. वर वेल, खाली वेल आणि मधे माझं साधं कडं. जोड मोकळे ठेवले आहेत. माझ्या मधे एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा बसवलाय, वाऱ्यानं टकटक वाजतो. रस्त्यानं जाणारी माणसं पुढच्याजवळ थांबतात आणि विचारतात, “हा मधला वेगळा कसा?” मग आजोबा खुर्चीतून सगळी गोष्ट सांगतात. आता मला माझ्याच तुकड्याचा हेवा वाटतो. असा हेवा कुणाच्या वाट्याला आला असेल, असं वाटत नाही.

भिंत वाळली तसा पाळणा पुढच्या खोलीत परत गेला. आईनं मुंगीला विचारलं, “तू कुठे झोपणार?” मुंगी म्हणाली, “पाळण्याशेजारी. ते उठलं तर मला कळायला नको?” आणि आपली उशी उचलून चालू लागली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. बरोबरच आहे. तिला आता मागे यायचं कारण नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. घरावर आमच्यासारखा कुणी असेल तर पावसाच्या आधी त्याच्या तोंडातला पाला काढा, पाठीमागे हात घालून गंज चाचपा आणि जोड मोकळे राहू द्या. ठिबकायला लागला तर रागावून त्याचं तोंड बंद करू नका. आत काय अडकलंय ते आधी बघा. आणि हे बघायला जाल तेव्हा सुरुवात मागच्या अंगणापासून करा. पुढचा काही पळून जात नाही.